मी नामदेवकाकांचे शब्द बदलले

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

आर्णीकडच्या वीसेक गावांत मी एका प्रकल्पाचा माणूस होतो. परदेशातल्या एका कपड्यांच्या कंपनीला ‘सुरक्षित पिकवलेला’ कापूस हवा होता. म्हणजे काय हवं होतं? फोटो! फवारणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. सगळ्या गावांना मिळून संच एकच, माझ्या बॅगेतला. घालायला द्यायचा, फोटो काढायचा, ‘मिळाला’ म्हणून सही घ्यायची — आणि काढून घ्यायचा.

नामदेवकाकांची तीन एकर कपाशी. फोटो झाल्यावर ते म्हणाले, “बापू, हे राहू दे ना माह्यापाशी. उद्या फवारा मारतो मी.”

“काका, पुढच्या गावात फोटो आहे.”

त्यांनी मोजे झटकून, नीट घडी घालून परत दिले.

दुसऱ्या दिवशी डोक्याइतक्या उंच कपाशीत त्यांनी उघड्या तोंडानं कीटकनाशक फवारलं. विषबाधा झाली; आठवडाभर यवतमाळच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. वाचले. नजर गेली — दोन्ही डोळ्यांची.

महिन्यानं कंपनीचा पाहुणा चौकशीला आला. त्याला मराठी येत नव्हती, काकांना इंग्रजी. मधे दुभाषी मीच. काका खाटेवरून म्हणाले, “सांग त्याईले, बापू. सामान फोटोपुरतं देलं अन् लगेच नेलं. घरी असतं तं घातलं असतं मी.”

मी इंग्रजीत सांगितलं — सामान मिळालं होतं, पण उकडतं म्हणून घातलं नाही, असं ते म्हणतात.

पाहुण्यानं लिहून घेतलं. सहीचा कागद होताच. चूक शेतकऱ्याची ठरली, मदतीचा विषय संपला, कापूस ‘सुरक्षित’च राहिला.

संताप होतो. वीस गावांना एक संच धाडणाऱ्या त्या ऑफिसचा, शर्टावरचं लेबल वाचून खूश होणाऱ्या त्या गिऱ्हाइकांचा. पण त्यातलं कोण होतं त्या खाटेपाशी? मी होतो. दोन्ही भाषा कळणारा एकटा मी. नोकरीला भ्यालो? हो, भ्यालो. पण भ्यालेला माणूस गप्प बसतो. मी तर बोललो — आंधळ्या माणसाच्या तोंडी, त्याच्यासमोर बसून, खोटं घातलं.

पाहुणा उठला तेव्हा काकांनी चाचपडत माझा हात धरला. “बरं झालं बापू, तू होता. नाही तं आपलं म्हणणं त्याईले समजलंच नसतं.”

मी हात सोडवून घेतला आणि पाहुण्याच्या गाडीत जाऊन बसलो.