पाहुणे येणार म्हणून

शाळेतून निवृत्त झाल्यावर पेणमध्ये घरी बसून पापड वाळत घालायचे की काही उपयोगाचं काम करायचं, हा प्रश्न होता. पापड मला जमत नाहीत. म्हणून मुंबईच्या एका संस्थेचं काम पत्करलं. पेण आणि रोह्याकडच्या ज्या घरांतलं कमावतं माणूस गेलं, तिथल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च ही संस्था उचलते. मी फक्त त्या घरांत जायचं, मुलं नीट शिकतायत ना ते बघायचं आणि कळवायचं. निर्णय मुंबईचे. माझ्या हातात काही नाही याचं तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

रोह्याकडच्या खांब गावाच्या आत एका वाडीत असंच एक घर होतं. घरधनी धाटावला एका कंपनीत कंत्राटी कामाला होता. सेकंड शिफ्ट करून मोटरसायकलवरून येताना हायवेवरच गेला. मागे राहिल्या बायको आणि मुलगी. बायको लोकांच्या शेतात लावणी-कापणीला जाते. मुलगी पनवेलला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, फी आणि हॉस्टेल संस्थेकडून. हुशार मुली मी पुष्कळ पाहिल्या, ही चिवट आहे. इंग्रजीतली औषधांची नावं ती भाकरी थापताना पाठ म्हणायची, आणि आई न समजता मान हलवायची.

पावसाळा संपल्यावर संस्थेचा निरोप आला. यापुढे ज्यांना खरीच गरज आहे त्यांनाच मदत चालू ठेवायची, म्हणून दोघं जण स्वतः येऊन घरं बघणार होते. मी आईला फोन केला. गरज किती आहे ते बघायला येतायत, हे सांगितलं आणि वर म्हटलं, "काही करू नका हं."

"येऊ दे की बाई," ती म्हणाली. "ज्यांच्या जीवावर पोर शिकते त्यांचं पाय लागतील घराला."

आता आमच्याकडे 'काही करू नका' हे पाहुण्यानं म्हणायचंच असतं आणि यजमानानं ते मुळीच ऐकायचं नसतं. मी तीन वेळा म्हटलं. तिला वाटलं असणार, बाई फारच सभ्य आहेत.

संस्थेचे एक साहेब आणि एक मॅडम गाडी घेऊन आले. मला पेणला घेतलं. हायवेच्या कामाची वाट बघता बघता माझी नोकरी संपली, काम अजून चालूच आहे, त्यामुळे धक्के खात दुपारी पोचलो. आणि दारात उतरल्या उतरल्या मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

पुढची भिंत नवी कोरी पोपटी रंगवलेली. अंगणात सारवण, रांगोळी. आत भजनी मंडळाच्या खुर्च्या, त्यांच्यावर भरतकामाचे रुमाल. कोणाचा तरी टीव्ही, त्यावर प्लास्टिकची फुलं. कोणाचा तरी उभा पंखा भिरभिरतोय. मुलगी हॉस्टेलवरून मुद्दाम आलेली, नवा ड्रेस, आणि कानात काकूचे सोन्याचे झुमके. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिला सगळं कळलेलं होतं. तिनं हळूच ओढणी कानांवर ओढली, तर आईनं जाता जाता ती पुन्हा मागे सारली.

जेवण तर काय विचारता! पाहुणे काय खातात ते ठाऊक नाही, म्हणून कोंबडीही आणि वालाचं बिरडंही. तांदळाच्या भाकऱ्या, खीर, पापड. आमच्याकडे भांड्यांवर नावं कोरलेली असतात. मी ताटं पाहिली. माझ्या ताटावर एका घराचं नाव, मॅडमच्या ताटावर दुसऱ्या घराचं, वाटीवर तिसऱ्याच. अख्खी वाडी त्या पंगतीला राबली होती, आणि वाचणारी मी एकटीच.

साहेबांनी अगदी प्रेमानं विचारलं, "ताई, कसं चाललंय? काही अडचण?"

"नाय ओ. तुमच्या कृपेनं सगला बरा हाय. काय कमी नाय."

"अहो, पावसात काय झालं ते सांगा ना," मी म्हटलं. मागच्या भिंतीचा सगळा कूड पावसात पडला होता, आणि मायलेकींनी सुट्टीचे दिवस शेजारच्या पडवीत काढले होते.

"पाऊस काय बाई, सगल्यांनाच येतो," ती हसून म्हणाली आणि साहेबांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मी हट्टाला पेटले. जेवण झाल्यावर म्हटलं, "चला, मागची बाजू बघून घेऊ." मॅडम उठल्याही. तशी आई मागच्या दारात आडवी उभी राहिली. "तिकडं नको, तिकडं राडा हाय. तुमी इथंच वाऱ्याला बसा." दाराच्या पलीकडे भिंतीऐवजी निळं प्लास्टिक लावलेलं मला दिसत होतं. तिला बाजूला ढकलून ते दाखवायचं का? पाहुण्यांसमोर तिची लाज काढायची? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मीच शाळेत जन्मभर शिकवलं होतं. मी परत येऊन खुर्चीत बसले.

निघताना मॅडमची ओटी भरली. आईनं स्वतः नाही भरली, जावेला पुढे केलं. नारळ, खण, वर वालांची पिशवी, घरच्या तांदळाची पिशवी. साहेब नको नको म्हणत होते, आणि आमच्याकडे त्याचाही अर्थ 'द्या' असाच होतो.

गाडी नागोठण्याला आली. मग मॅडम म्हणाल्या, "किती सुरेख माणसं. पण आपण यांना मदत का करतोय?"

मी सगळं सांगितलं. टीव्ही उसना, झुमके जावेचे, ताटावरची नावं, मागचं प्लास्टिक. सांगता सांगता माझा आवाज चढला. साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "बाई, तुमचा जीव गुंतलाय त्यांच्यात, समजतं. पण आम्हाला जे पाहिलं त्यावरूनच ठरवावं लागतं. आणि त्या स्वतः म्हणाल्या ना, काही कमी नाही?" माणसं वाईट असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती चांगली होती. आईनं दिलेली तांदळाची पिशवी मॅडमनी मांडीवर जपून धरली होती.

महिन्याभरात कळलं, त्या घराची मदत थांबली. पेणकडच्या दुसऱ्या एका मुलीला मिळाली. ते घर मला माहीत आहे, तिथेही गरज आहेच. त्यामुळे भांडायची सोयही राहिली नाही. तरी मी फोन केले, विनवण्या केल्या, परत एकदा न सांगता चला म्हटलं. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. नर्सिंगचं कॉलेज फीसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबत नसतं, हॉस्टेल तर लगेच सोडावं लागतं.

सांगायला मी एकटीच गेले, एसटीनं. घर रिकामं होतं. खुर्च्या मंडळात गेल्या होत्या, टीव्ही ज्याचा त्याच्या घरी. आम्ही खाली बसलो. मुलगी पेटी घेऊन आदल्या दिवशीच आली होती, पण आईला कारण सांगायचं तिनं माझ्यावर ठेवलं होतं. ती मागच्या प्लास्टिकजवळ बसून ऐकत होती, आणि वाऱ्यानं ते प्लास्टिक सारखं फडफडत होतं.

मी सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कालवान तिखट झाला व्हता का?"

"नाही हो."

"त्या मॅडमनी भाकरी अर्धीच खाल्ली. मी तवाच मनात म्हनाले, कायतरी चुकला."

"काही चुकलं नाही तुमचं. सगळं फार छान होतं. म्हणूनच तर…" मी थांबले. पुढचं वाक्य कसं बोलायचं? तुम्ही पाहुण्यांना फाटक्या लुगड्यात सामोरं जायला हवं होतं? रिकाम्या चुलीपुढे बसवायला हवं होतं? मुलीच्या हातून कोरा चहा द्यायला हवा होता? मला इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं, शाळेतही नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. आता तुम्ही हिला खरं सांगू नका, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"परत एकदा घेऊन या त्यांना, बाई," ती म्हणाली. "या टायमाला मी काय सुदीक कमी पडू देनार नाय."