अड्यारहून आलेलं स्थळ

२००५ साली चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या भाड्याच्या घरी अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पाहायला अड्यारहून एक मराठी कुटुंब आलं. आम्ही तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातले. ते पुण्याहून नोकरीसाठी नुकतेच आलेले. मुलगा आणि अक्का मराठी मंडळाच्या गणपतीत भेटले होते, आणि अक्काचा होकार घरात सर्वांना ठाऊक होता. अम्माने सकाळी उडदाची डाळ भाजली, तो खमंग वास जिन्यापर्यंत पोचला होता. पानात त्याच डाळीच्या पिठाचं दह्यातलं डांगर पाहून मुलाची आई खुलली. "अगंबाई, हे तर आपलंच डांगर." अक्काने तिला पुन्हा वाढलं. मुलाच्या वडिलांनी खोलीवर नजर फिरवली आणि अप्पांना विचारलं, "तीनशे वर्षं इथे आहात, आणि अजून कारकुनीच?" अप्पा म्हणाले, "बँकेत आहे. मुलगी शिक्षिका आहे." "तसं नव्हे हो. मराठी माणूस बाहेर पडला की वर चढतो. तुमच्यात कुणी चढलेलं दिसत नाही." मुलगा पानाकडे बघत राहिला. अप्पांनी विचारलं, "थोडं सार घ्याल?" चार दिवसांनी फोनवर नकार आला. मुलीची मराठी त्यांच्या घरात चालण्यासारखी नव्हती. काल अक्काकडे गेलो तेव्हा ती डाळ भाजत होती, एकटीपुरती. त्या मुलाचं लग्न नकारानंतर पुढच्याच वर्षी झालं होतं. मुलगी तमिळ होती, तिचे वडील त्याच्याच कंपनीत संचालक होते आणि तिला मराठी अजिबात येत नव्हती.