सड्यावरची रेंज

मुंबईतल्या एका वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्यांचं पान लावण्यात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर खेड तालुक्यातल्या गावी राहायला आलो, पण सवय सुटली नाही. सकाळी चहाबरोबर जगाच्या बातम्या लागतात. नोकरीत त्यांचं काहीतरी करावं लागे: मथळा द्यायचा, ओळी कापायच्या, पान छपाईला सोडायचं. आता नुसतं वाचायचं. युद्ध, उपासमार, भूकंप, पूर. यात आपण कुठे हात लावावा, हे ठरवायला बसलो की दुपार होई आणि काहीच ठरत नसे. त्या पानाची ओढ मात्र रोज लागे.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याला गेलो असताना एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला; तो अजून त्याच वर्तमानपत्रात होता. युद्धातून पळून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मुंबईत माणूस हवा होता. येणारी माहिती तपासायची आणि मदत आधी कुठे जावी ते सांगायचं. मला जमणारं काम तेवढंच. मी जवळजवळ हो म्हणालो. सोमवारी नक्की सांगतो, म्हटलं.

अडचण शेजारच्या घरात होती. तिथे माझी वहिनी, चुलतभावाची विधवा, एकटी राहते. मुलगा मालवाहू जहाजावर कुक. त्याचं जहाज लढाई चाललेल्या समुद्राच्या तोंडाशी नांगर टाकून उभं होतं. आमच्या वाडीत रेंज नाही. फोन लागतो तो वर सड्यावर, जांभ्याच्या उघड्या माळावर. मुलाला फुरसत आणि नेट एकदम कधी मिळेल याचा नेम नसे. संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी लावून बघीन, एवढंच त्याने सांगितलेलं. वहिनीचे गुडघे दुखतात, चढताना हात धरायला कुणीतरी लागतं. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. उरलेली तिच्याच वयाची. म्हणून मी जात असे.

सुरुवातीला मी माझ्या पद्धतीने मदत केली. जगाचा नकाशा घेऊन गेलो. जहाज कुठे, लढाई कुठे, ते दाखवलं. तिने त्या समुद्रावर अंगठा ठेवला. समुद्र झाकला गेला.

"एवढासाच? मग फोन का लागत नाय?"

नकाशा मी पुन्हा कधी तिच्याकडे नेला नाही.

मुंबईच्या कामाचं तिला चढण चढतानाच सांगितलं. ती थांबली, दम घेतला.

"तिकडे माणसं किती अडकलीत?"

"मोजता येणार नाहीत इतकी."

"मग जा ना, भावजी. मी काठी घेऊन चढेन."

"आणि पडलात तर?"

"पडले तर बातमी होईल. लावा तुमच्या पानावर."

"आमच्या पानावर फक्त परदेशच्या बातम्या लागायच्या."

"म्हणजे पडायलासुद्धा परदेशात जायला हवं!"

ती हसली आणि पुढे चालू लागली. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. तिकडे असंख्य माणसं, इकडे एक चढण. तिकडे माझ्याऐवजी दुसरा कुणी मिळाला असता, इकडे मिळाला नसता, हेही खरं. पण हे कारण होतं की सबब, ते मला ठरवता येईना.

सोमवारी आम्ही नेहमीप्रमाणे वर गेलो. बऱ्याच दिवसांत फोन आला नव्हता. वहिनी एका दगडावर पश्चिमेकडे तोंड करून बसली. तिथून समुद्र दिसत नाही. वारा होता, वाळलेलं गवत सारखं वाजत होतं. फोन वाजला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. स्पीकर चालू असल्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"आई, ऐकू येतंय काय?"

"येतंय, बोल."

"आई? हॅलो?"

"येतंय रे. बोल तू."

"आई, तुझा आवाज नाय येत. मी..."

फोन तुटला. ती आणखी काही वेळ "बोल, बोल" म्हणत राहिली. मग तिने फोन पदराने पुसला.

मी थोडा बाजूला जाऊन मुंबईला फोन लावला. येता येणार नाही, म्हणालो. सहकाऱ्याने कारण विचारलं. इथे एक काम आहे, म्हटलं. कसलं, ते सांगायला गेलो आणि जमलं नाही. जहाज बंदराला लागलं की येईन, असं म्हणालो.

"तोवर जागा भरलेली असेल," तो म्हणाला.

त्याच्या मागे टेलिफोन वाजत होते, कुणीतरी कुणाला तरी पान झालं का विचारत होतं. तो आवाज मी कान देऊन ऐकत उभा राहिलो. आणखी काहीतरी विचारून फोन लांबवता आला असता.

"भावजी, आटपा," वहिनीने मागून हाक मारली. "रेंज अडवू नका. त्याला परत लावायचा असेल."

माझ्या फोनमुळे तिचा फोन अडत नव्हता. मी फोन बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.