इनासकाकांचं जॅकेट

नाताळ जवळ आला की मी आमच्या गावच्या चर्चमध्ये रांगेत उभा राहतो, पाळी आली की गुडघे टेकतो आणि फादरांना पापं सांगतो. रागावलो, खोटं बोललो, प्रार्थना चुकवली — ठरलेली आहेत, भराभर होतात. त्या ‘खोटं बोललो’मध्ये एक विशिष्ट खोटं मी दर वर्षी कोंबून बसवतो आणि हलक्या पावलांनी बाहेर येतो. कुठलं खोटं, हे फादर विचारत नाहीत. बायकोला ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि आधी जरा इकडचं तिकडचं बोलणार, हे मला आत्ताच दिसतंय. तेवढं चालवून घ्या.

मला जुन्या लेदर जॅकेटांचं वेड आहे. नवी नाही आवडत. दुसऱ्या कुणाच्या अंगावर मऊ झालेली, कोपराशी सुरकुतलेली, कॉलरवर काळवंडलेली हवीत. वसईत लेदर जॅकेट! हसा, हसा. इथे जानेवारीत जेमतेम चार सकाळी गारवा पडतो. तेवढ्यात मी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटवरून स्कूटर काढून समुद्राकडे एक चक्कर मारतो आणि घामाघूम होऊन परत येतो. बाकी वर्षभर जॅकेटं कपाटात आणि मी त्यांच्या चाकरीत. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली, की चामड्यावर पांढरी बुरशी धरते. मग पुसा, पंख्याखाली टांगा, मलम चोळा. बायको त्या कपाटाला तबेला म्हणते. “आज तबेला साफ केला का?” असं पाहुण्यांसमोर विचारते आणि मी ओशाळं हसतो.

मुंबईच्या जुन्या बाजारातल्या ढिगांतून मी जॅकेटं उपसून आणली आहेत, नेटवरून मागवून फसलोही आहे. पण सगळ्यात चांगली मिळाली ती आमच्याच गावांतून. वसईच्या पश्चिमेला आमच्या वाड्यांमध्ये घरटी एखादा माणूस जहाजावर नाहीतर परदेशी नोकरीवर गेलेला. कधीतरी थंड मुलखात तो जॅकेट घ्यायचा, घरी आणायचा, आणि मग ते लोखंडी कपाटात वर्षानुवर्षं पडून राहायचं. बाहेर कधी निघायचं? माणूस गेला की.

आता कळलं ना, मी कुठे निघालोय ते?

मी चित्रकलेचा शिक्षक. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे लहानथोर सगळे मला ‘सर’ म्हणतात. आवाज बरा आहे. आमच्यात कुणी वारलं की त्या घरी संध्याकाळी प्रार्थना असते, आणि जपमाळेची रोजरी सांगायला मला बोलावतात. नाही बोलावलं तरी मी जातो. फ्लॅटमध्ये राहायला गेले तरी सर गावातलं एकही दुःखाचं घर चुकवत नाहीत, असं लोक म्हणतात. खरं आहे, नाही चुकवत. रोजरीचे मणी बोटांतून सरकवत असताना माझी नजर मात्र आतल्या खोलीतल्या कपाटावर असायची. मेलेला माणूस कुठे नोकरीला होता, कुठल्या बंदरांना जायचा, हे मी आधीच आठवून ठेवलेलं असायचं. महिन्याने चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना, महिन्याची मिस्सा, झाली की हळूच विषय काढायचा. घरचे बिचारे आनंदाने देऊन टाकत.

हे ऐकून तुम्हाला माझी किळस आली असेल तर येऊ द्या. पण मला सांगायचंय ते हे नव्हे. एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही गोष्ट हसत हसत सांगितली असती.

गावातल्या आमच्या जुन्या गल्लीत इनासकाका राहायचे. जहाजावर फिटर होते. उंच, रुंद खांद्यांचे, बोलायला कमी. त्यांच्याकडे एक गडद तपकिरी जॅकेट होतं, घोड्याच्या चामड्याचं. त्यांनीही ते जुनंच घेतलेलं, उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरातल्या दुकानात. म्हणजे त्यांच्याआधी ते कुणी एका परक्या माणसाने आयुष्यभर वापरलेलं. इनासकाका ते फक्त नाताळच्या मिस्सेला घालत. मी लहानपणापासून त्यांच्या मागच्या बाकावर बसायचो. सगळे वेदीकडे बघायचे, मी त्या पाठीकडे. दिव्यांच्या उजेडात ते चामडं कसं दिसायचं, हे मी चित्रकलेचा शिक्षक असूनही कधी कागदावर उतरवू शकलो नाही. ते मला हवं होतं. एखाद्या पोराला हवं असावं तसं — लाज सोडून.

इनासकाकांना एकच मुलगा, रॉनी. माझा विद्यार्थी. काकांनी त्याच्यासाठी जहाजावर जागा बघितली होती. तो नको म्हणाला आणि शिकायला कॅनडाला निघून गेला. त्यावरून घरात असं काही वाजलं, की पुढे कितीतरी वर्षं बापलेक बोलले नाहीत. रॉनीचा फोन आला की आनामावशी — म्हणजे त्याची आई — स्वयंपाकघरात जाऊन बोलायची आणि काका बाहेर ओट्यावर बसून राहायचे. गावात सगळ्यांना हे माहीत होतं.

काका गेले, तेव्हा रॉनीला वेळेवर विमान मिळालं नाही. तो पोचायच्या आत काकांना माती द्यावी लागली. मावशीने मला सांगितलं, दोन दिवसांत येतोय. मी लगेच दिवस मोजले. तो आला की कपाट उघडणार. महिन्याच्या मिस्सेपर्यंत थांबायला मला सवड नव्हती.

त्याच संध्याकाळी, प्रार्थना आटोपून लोक पांगल्यावर, मी आनामावशीजवळ बसलो. तिचा हात हातात घेतला. आणि म्हणालो, मावशी, काका मला एकदा म्हणाले होते, माझ्यामागे हे जॅकेट तुलाच.

असं ते कधीच म्हणाले नव्हते.

मावशी उठली, कपाट उघडलं, जॅकेट काढून पदराने पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “त्यानं शब्द दिला हाय ना, मग न्यायचं,” एवढंच म्हणाली. नवऱ्याची शेवटची इच्छा पुरी केल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. मी ते जॅकेट पिशवीत घातलं. घरी येऊन घालून बघितलं, तर बाह्या माझ्या बोटांपर्यंत आल्या. आजही येतात.

इथपर्यंत मी चोर आहे. चोराला माफी असते म्हणा, वस्तू परत करता येते. पुढचं ऐका.

काही दिवसांनी रॉनी मला भेटायला शाळेत आला. मुलं घरी गेली होती. मी चित्रकलेच्या वर्गात रंगाच्या वाट्या धूत होतो. तो बाकावर बसला — इतका मोठा माणूस, त्या छोट्या बाकावर गुडघे वर करून. वाटलं, आता जॅकेट मागणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्याने मागितलं नाही. त्याने वेगळंच विचारलं.

“सर, जॅकेटाचं आईनं सांगितलं. पप्पा नक्की काय म्हणाले होते? त्यांचे शब्द सांगा ना.”

बस. एवढंच हवं होतं त्याला. वर्षानुवर्षं बापाचा आवाज ऐकला नव्हता, आता कधी ऐकू येणार नव्हता, आणि बापाचे शब्द ऐकलेला माणूस त्याच्या लेखी मी होतो. काहीही सांगता आलं असतं मला. गोड खोटंही सांगता आलं असतं. पण मी काय विचार केला, माहिती आहे? गोड बोललो तर याचा जीव त्या जॅकेटात अडकेल. आज नाही तर उद्या मागेल. हे दार एकदाच नीट लावून घ्यावं.

म्हणून मी वाटी धूत धूत, मागे न बघता म्हणालो, “ते म्हणाले, रॉनीला काय किंमत आहे याची? त्याला आपलं काही नको होतं.”

“असंच म्हणाले?”

“असंच.”

त्याने मान हलवली. रडला नाही, भांडला नाही. थोडा वेळ बाकावरचे रंगाचे डाग नखाने खरवडत बसला, मग “थँक यू सर” म्हणून गेला. मला थँक यू म्हणून गेला तो. ठरल्यापेक्षा लवकर परतीचं विमानही धरलं त्याने.

आणि अजूनही मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही. बघा, इथे येऊनही पाय मागे घेतोय.

इनासकाका माझ्याशी जॅकेटाबद्दल बोलले होते. एकदाच. ते आजारी पडल्यावर मी त्यांना बघायला गेलो होतो. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि जॅकेट बाजूला सावलीत वाऱ्यावर टाकलेलं. मी निर्लज्जपणे विचारलं, काका, विकणार का? ते हसले. ते हसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. म्हणाले, “अरे, ते रॉनीचं हाय. बर्फाच्या मुलखात राहतो तो, त्याला लागंल. येऊ दे तर एकदा. आता त्याच्या खांद्याला बसंल.”

हे त्यांचे शब्द. रॉनी शाळेत बाकावर बसून हेच मागत होता. ते माझ्याकडे होते, दुसऱ्या कुणाकडेच नव्हते. बापाचा राग कधीच निवला होता, जॅकेट वाऱ्यावर टाकून तो वाट बघत होता — हे जगात एकट्या मला माहीत होतं. मी ते गिळलं आणि त्याच्या उलट सांगितलं. का? एका कपड्यासाठी, जो मला बसतसुद्धा नाही.

त्यानंतर मी आनामावशीकडे जात राहिलो. तिचं लाइट बिल भरायचो, दवाखान्यात न्यायचो, पावसाआधी कौलं शाकारून घ्यायचो. गावात माझं नाव झालं, पोटच्या पोरासारखं करतात सर. मी कुणाला थांबवलं नाही. ती काकांची आठवण काढून मला म्हणायची, “त्यानं माणूस बरोबर हेरला होता.” मी तिच्या हातचा चहा पीत असे. रॉनी आला नाही. तो पैसे पाठवायचा, फोन करायचा, पण आला नाही. मावशी दर नाताळला त्याची खोली झाडून ठेवायची, आणि तो का येत नाही ते तिला कळायचं नाही. मला कळायचं.

या वर्षी तो आला. मावशीला कायमचं आपल्याकडे न्यायला. घराला कुलूप लावायच्या आदल्या दिवशी तो मला भेटायला एव्हरशाईनला आला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. दारात उभा राहिला तेव्हा एक क्षण मला काकाच वाटले, तेच खांदे. आईसाठी केलंत त्याबद्दल म्हणून त्याने माझे हात धरले. मग म्हणाला, एकदा बघू का ते?

मी तबेला उघडला. त्याने जॅकेट हँगरवरून काढलं नाही. नुसती बाही धरून उभा राहिला, कुणाचा तरी हात धरावा तशी. ते त्याच्या अंगाला शिवल्यासारखं बसलं असतं, मला उघड दिसत होतं. “घालून बघ” हे दोन शब्द माझ्या तोंडापर्यंत आले. मी ते बोललो नाही. त्याने घातलं असतं तर मला ते उतरवून घेता आलं नसतं.

“छान ठेवलंय सर तुम्ही,” तो म्हणाला. “पप्पांनी बरोबर केलं. मी तेव्हा त्या लायक नव्हतो.”

तेव्हा सांगायचं होतं. माझी बायको आत चहा करत होती, पंखा फिरत होता, तो माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा होता. खरं सांगायला एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य मला तोंडपाठ आहे. मी म्हणालो, “असं काही नसतं रे.”

मग त्याने पिशवीतून एक पुडकं काढलं. माझ्यासाठी आणलेलं. तिकडच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून महिनोन्महिने शोधत होता म्हणे. काळं जॅकेट, जुनं, जड, एकही टाका उसवलेला नाही. पप्पा असते तर त्यांनीच तुम्हाला दिलं असतं, असं काहीतरी तो बोलत होता. माझं अर्धं लक्ष होतं. मी ते घेतलं. त्याला दारापर्यंत सोडलं, मावशीला जपून ने म्हणालो, लिफ्टचं दार लागलं.

लिफ्ट खाली पोचायच्या आत मी ते काळं जॅकेट खिडकीच्या उजेडात धरून झिप बघत होतो. पितळेची होती, मूळची. मला आनंद झाला.