दुसरी बाही

स्वेटरवाल्या काकूंची विणायची मशीन नक्षी घेते ती एका जुनाट कॉम्प्युटरकडून. तो खोका त्यांच्या लेकीच्या वयाचा. नवा आणावा तर मशीनची वायर त्याला बसत नाही. काकूंची शाळा चौथीत सुटली. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण ओळख पक्की: आखूड ओळ आली की खोका उठला, लांब आली की रुसला.

त्या दिवशी लांब आली. धाकटी बहीण संध्याकाळच्या गाडीने थंडीच्या मुलखात, स्वतःच्या लेकीकडे कायमची राहायला निघालेली, आणि तिच्या स्वेटरची एकच बाही विणून झालेली.

खोक्याला जागं करणारी फ्लॉपी आत नुसती खरखरत होती. काकूंनी डोकं चालवलं, तिथेच घोळ झाला. विणायची मशीन खरखरली की त्या तेल घालतात. तसंच फ्लॉपीच्या फटीत दोन थेंब सोडले, आणि मायेने वर आणखी दोन. खरखर थांबली. खोकाही थांबला.

जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केलेल्या काकांनी आत टॉर्च मारला.

"अगं, इथे तेल कोणी ओतलं?"

"मशीनला रोज घालते. यालाच सावत्र ठेवू?"

"वाचायचा भागच बुडालाय यात!"

"मग माझ्यावर गेलाय. समोर असून वाचता येत नाही."

बहीण म्हणाली, "राहू दे ताई. एका बाहीचा घालीन, दुसरा हात खिशात."

"खिसे कुठे केलेत अजून!"

काकांनी झाकण उघडलं. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसलं, तेलाखाली वर्षांची धूळ निघाली. तेलकट फ्लॉपी बादच झाली. तिच्या जोडीची दुसरी बटणांच्या डब्यात सापडली. ती आत सरकवली आणि पुन्हा खरखर सुरू झाली. काकूंचा हात आपोआप तेलाच्या डबीकडे गेला.

"हात मागे!" काका आणि बहीण एकदमच ओरडले.

आखूड ओळ आली. काकू खुर्ची ओढून विणायला बसल्या, कोणाकडे न बघता.

निघताना बहिणीने स्वेटर चढवला आणि दुसरी बाही नाकाशी नेली.

"ताई, हिला तेलाचा वास येतोय गं."

"येणारच," काकू कॉलर सारखी करत म्हणाल्या. "थंडीत आखडायची नाही."