दादाची फोर बाय फोर आणि बाबांची खुर्ची

माझ्या भावाने फोर बाय फोर गाडी घेतली तेव्हापासून आमचं डोकं पिकलंय. तो राहतो बोरिवलीला, चौदाव्या मजल्यावर. गाडी नेतो ऑफिसला आणि भाजी आणायला. वाटेत डोंगर नाही, नदी नाही, फार तर सोसायटीच्या गेटसमोरचा खड्डा. पण फोन केला की पाचव्या मिनिटाला त्याचं बोलणं गाडीवर येतं. "कुठेही चढते गं ही!" चढत असेल बाबा, पण तू चढवणार कुठे?

बाबा असतात माझ्याकडे, मुलुंडला. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून दवाखान्यात न्यायचं म्हणजे लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, मी, माझा नवरा आणि शेजारचे दोघे अशा चौघांनी धरायचं आणि जिना उतरायचा. कोकणातला माणूस, जन्म गिरणीत घालवला, आयुष्यात कशाचा हट्ट केला नाही. आता मात्र एकच धोशा लावला होता. "माका एकदा समुद्रात पाय बुडवूचे आसत." मी दर वेळी म्हणायचे, हो, जाऊ. आणि दर वेळी काहीतरी निघायचं.

हे दादाच्या कानावर गेलं आणि त्याला गाडी घेतल्याचं सार्थक वाटलं. "गोराईला नेऊ. गाडी थेट पाण्यापर्यंत घालतो. बाबांनी फक्त दार उघडून पाय खाली सोडायचे."

मी भित्री. आदल्या दिवशी मोबाइलवर वाळूत गाडी कशी चालवतात ते सगळं बघून ठेवलं. चाकातली हवा बरीच कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. एका चालीने जायचं. ब्रेक मारायचा नाही, झटक्यात वळायचं नाही, आणि चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. किनाऱ्याच्या तोंडाशी मी हे दादाला सांगितलं. तो हसला. "हवा काढू? नव्या टायरांची? आणि परत कोण भरणार, तू?" वहिनी म्हणाली, "जाऊ दे ना, त्याला कळतं." माझा नवरा नेहमीप्रमाणे गप्प.

गाड्यांना बंदी असल्याचा फलकही होता तिथे. तोसुद्धा मीच वाचला.

गाडी वाळूत उतरली आणि खरं सांगायचं तर मस्त चालली. बाबा पुढच्या सीटवर, काच खाली, तोंडावर वारा. पाणी शंभरेक पावलांवर राहिलं आणि दादाने गाडी थांबवली. का? तर फोटो काढायला. भुसभुशीत वाळूत, करकचून ब्रेक मारून, फोटो!

पुन्हा निघताना चाकं फिरली, गाडी नाही. मी ओरडले, "पाय काढ!" वहिनी ओरडली, "रेस दे!" मासे सुकत घालणाऱ्या दोन मावश्या काम टाकून आल्या, त्याही म्हणाल्या, "रेस द्या, दादा, रेस द्या." आपल्याकडे रुतलेल्या गाडीला प्रत्येकाचा हाच सल्ला. दादाने दिली रेस. वाळूचा फवारा उडाला आणि गाडी पोटापर्यंत खाली बसली. वर भरती सुरू झालेली. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मला दया यायला हवी होती, पण नाही आली.

आम्ही ढकललं. गाडी ढिम्म. तेव्हा बाबा आतून म्हणाले, "अरे मेल्यांनो, आधी माका उतरवा. सगळ्यात जड मीच आसय."

लाल खुर्ची डिकीत होतीच. बाबांना उचलून खुर्चीत बसवलं, थोडं लांब, पाण्याच्या बाजूला नेऊन ठेवलं आणि आम्ही गाडीला भिडलो. मी कोणाला न विचारता केसातली पिन काढली आणि चारही चाकांची बरीच हवा सोडली. नवऱ्याने हातांनी चाकांमागची वाळू उपसली. वहिनीने पायपुसणी काढून चाकांखाली घातली, तोंडाने माझा उद्धार चालूच. दादाला मी दरडावून सांगितलं, "रिव्हर्स, आलास त्याच चाकोरीतून. आणि थांबू नको."

गाडी हलली. आम्ही पुढून रेटा दिला आणि ती उलटी चालत सुटली. दादा थांबलाच नाही, पार डांबरी रस्त्यापर्यंत. आम्ही तिघं आरडाओरडा करत तिच्यामागे धावलो. रस्त्यावर पोचल्यावर भांडण नीट रंगलं. कोणाचं चुकलं, कोण आधीच सांगत होतं, पायपुसणी किती महागाची होती. बराच वेळ चाललं. मग नवऱ्याने, दिवसभरात पहिल्यांदाच, तोंड उघडलं. "बाबा?"

जीव मुठीत धरून धावलो. लाल खुर्ची होती तिथेच होती, समुद्र तिच्यापर्यंत आला होता. बाबा घोट्यापर्यंत पाण्यात. धोतर भिजलेलं. लाट मागे गेली की उजव्या पायाची बोटं वाळूत रुतवत होते आणि स्वतःशीच हसत होते. आम्हाला बघून म्हणाले, "झाला तुमचा?"

दादाने खुर्ची ओढली. हलेना, चारही पाय वाळूत गेलेले. त्याने आणखी जोर लावला. बाबा म्हणाले, "जोर लावू नको रे. आधी जरा हलव." मग चौघांनी चार बाजूंनी धरलं, खुर्ची डोलवून सोडवली आणि उचलली. जिन्याची सवय, माझे आणि नवऱ्याचे हात आपोआप बसले. रस्त्यापर्यंत जायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

गाडीत बसवताना बाबांनी विचारलं, "ह्या खुर्चीचा आधी कोणाच्या डोक्यात येवक नाय?"

दादा वाकून टायर बघायला लागला. पण प्रश्न त्याला नव्हता. तो वर्षभर गाडीच मिरवत होता. खुर्ची माझ्या घरात होती, आणि दोन वर्षं मी तिच्यातून त्यांना फक्त दवाखान्यात नेत होते.