सायाळीच्या काट्याची तीन भोकं

शालिकराम धिवराचं नाव निघालं, का लोक म्हणतात, "सहा गोळ्या असून अस्वल हटवता आलं नाई बाप्पा त्याले!" माह्या अंगाची आग होते. लेकहो, त्याच्या हाताले नावं ठेवू नका. बोडीत, म्हणजे गावतळ्यात, जाळं फेकलं तर पाहतच राहावं असा हात होता त्याचा. खोट माह्यात होती, या सोमाजीत.

सत्तावन साली कुरखेड्याकडं जंगल मोजणारी टोळी आली. साखळी ओढायले आम्ही गावचेच गडी. अस्वलांपासून टोळी राखायले एक पिस्तूलवाला पाह्यजे होता. शालिकरामची बायको गोकुळा पोटुशी होती, पगार बरा होता, त्यानं नाव देल्लं.

टोळीतला एक रिटायर हवालदार शिकवे: कोपर ताठ, नळीच्या टोकावरची माशी, तो लहानसा उंचवटा, निशाण्यावर, श्वास रोखून चाप हळूहळू दाब. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर चिंचोका ठेवून शालिकराम चाप दाबे, चिंचोका हलत नसे. पण गोळी भरली, का आवाजाच्या भेवानं त्याचे डोळे गच्च मिटत अन् हात खाली जाये.

परीक्षेत पंधरा पावलांवरून सहापैकी चार गोळ्या काळ्या गोलात पाह्यजे. कागद बांबूच्या चौकटीवर सायाळीच्या काट्यांनी टोचलेला. भोकं मोजायले मी बाजूच्या खड्ड्यात. गोलात एकच लागली, पाच मागच्या बोडीच्या पाळीत, मातीच्या बांधात घुसल्या. हवालदाराची नजर अधू. शालिकराम असा आशेनं पाहून राह्यला होता, का माह्यानं पाहवलं नाई. चौकटीमागं गेलो, एक काटा उपसला, मागूनच तीन भोकं पाडली अन् काटा फिरवून मोठी केली. "चार!" म्हणून ओरडलो. हवालदारानं खुश होऊन कागद त्यालेच देऊन टाकला.

डोळे मिटायच्या त्या खोडीवर हवालदाराकडं औषध होतं, हेच डाचते. भरल्या काडतुसांत रिकामी मिसळून झाडायले लावायची. आठ दिवसांत डोळे उघडे राहतात म्हणे. "एकच लागली" एवढं खरं सांगाचं होतं, माह्या तोंडानं तेवढंही झालं नाई.

तीन महिन्यांनी, मोहफुलं पडायच्या दिवसांत, नाल्यातून पिल्लंवाली अस्वलीन निघाली अन् साखळीचं पुढचं टोक धरणाऱ्या मंगरूवर धावली. शालिकरामनं दहा पावलांवरून सहाही झाडल्या. सहाही मातीत. आम्ही कुऱ्हाडी घेऊन पोचलो तोवर मंगरूचा उजवा डोळा गेला होता, अर्धा गालही.

शालिकरामनं त्याच दिवशी पिस्तूल परत केलं. मंग जन्मभर बोडीवर मासोळ्या धरल्या, पहिला वाटा मंगरूच्या दारात. मी रोज पाहो अन् रोज गप्प.

गेल्या साली तो खाटेले लागला. हिंमत करून म्हटलं, "शालिकराम, तुले एक सांगाचं हाय."

त्यानं उशाखालून परीक्षेचा तोच कागद काढला. "बोट फिरव," म्हणे.

एका भोकाची कड मागं वळलेली. बाकी तिन्हींची पुढं.

"गोळी पुढून घुसते, सोमाजी. मले त्याच सांजेले समजलं."

"मंग काऊन नाई बोलला बे?"

"नोकरी पाह्यजे होती ना. मनात म्हणो, सोमाजी येईन, कबूल करन, मंग लाजेकाजेनं तरी मी पिस्तूल परत करन." त्यानं कागदाची घडी घातली. "तीन महिने वाट पाह्यली तुयी."